चार हिवाळ्यांचं 'नंतर'

"हॅलो?… हो, हिल्काच बोलतेय. कोण, ताइस्तो?… बोल ना… ताइस्तो?… अरे, श्वास ऐकू येतोय तुझा, म्हणजे आहेस तू. बोल."

तळ्यापलीकडच्या चर्चचा सेवेकरी ताइस्तो फोन लावला की आधी थोडा वेळ नुसताच थांबायचा, दार वाजवून उंबऱ्याबाहेर उभं राहावं तसा. हिल्काला ते सवयीचं होतं. वृद्धाश्रमाच्या लांब व्हरांड्यात ती खिडकीशी उभी होती. रोज दुपारी एक स्तोत्र वाचायचं हा तिचा नेम. पुस्तक हातात होतं आणि बोट पानात. आज आईचे केस विंचरून द्यायचे होते म्हणून वाचनाला उशीर झाला होता. बारा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

"काय दिसत नाही?… चित्र. आणि आवाज?… तोही नाही. बरं. पडदा काळा आहे की निळा?… काळा. त्यावर काही लिहिलंय?… वाच… 'उपकरण सापडले नाही.' हं… नाही, नाही, तू घाबरू नकोस… मी? मी कुठे घाबरलेय? माझा आवाज असाच असतो."

तिने पुस्तकात फुलाची वाळलेली काडी घालून ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

एक वाजता त्या चर्चमध्ये बाप्तिस्मा होता. हिल्काच्या भावाची मुलगी सैला, तिची सात आठवड्यांची लेक. नाव ठरलं होतं, पण ते फक्त आईबापाला आणि पाद्रीबाईंना ठाऊक. डोक्यावर पाणी पडेपर्यंत ते कुणापुढे उच्चारायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. आजीआजोबांनाही त्यातून सूट नाही. आणि व्हरांड्यातल्या काचेच्या दारापलीकडे, टीव्हीच्या खोलीत, हिल्काची आई लेम्पी बसली होती. वय वर्षं चौऱ्याण्णव. मांडीवर पांढरी रेशमी फीत. बाप्तिस्म्याच्या झग्याला बांधायची ती फीत. घरातल्या एकोणीस मुलांची नावं तिच्यावर लेम्पीने स्वतः भरली होती, पहिलं १९५२ साली. विसाव्या नावासाठी सुईत दोरा ओवून ती सकाळपासून तयार होती.

खुबा मोडल्यापासून लेम्पीला तळ्यापलीकडे नेणं शक्य नव्हतं. फोन तिला ऐकू यायचा नाही, कानाशी धरला की नुसती शिट्टी. पण टीव्हीच्या खोलीत फरशीखालून एक तार फिरवलेली होती, तिच्यामुळे टीव्हीचा आवाज तेवढा तिच्या कानातल्या यंत्रात स्वच्छ उतरायचा. दर रविवारची उपासना ती तशीच ऐकायची. सैलाने विचारलं होतं, "नाव पडलं की लगेच चिठ्ठीवर लिहून दाखवायला सांगू का, आजी?" त्यावर लेम्पी म्हणाली होती, "चिठ्ठीवर किराणा लिहितात. नाव मी सगळ्यांबरोबर ऐकणार."

म्हणजे उपासनेचं चित्र आणि आवाज इकडे पाठवणारं चर्चमधलं संगणकाचं यंत्र चाललं तर ऐकणार.

"मागच्या रविवारी चाललं होतं ना?… चाललं होतं. मी पण बघितलं आईबरोबर. मग त्यानंतर काय केलंस?… ताइस्तो, गप्प राहून उपयोग नाही, मला इथून दिसत नाही काही… झाडलंस. हो, ते कळलं. बाप्तिस्मा आहे म्हणून. फरशी पुसलीस, पितळ घासलंस, बाकांखालचं सगळं काढलंस. छान. आणि यंत्र?… यंत्रही झाडलंस. बाहेरून ना?… आतूनही."

तिने डोळे मिटले आणि उघडले.

"काय विचारलं त्याने?… 'नवीन आवृत्ती आली आहे, बसवू का?' आणि तू 'हो' म्हणालास… अरे, पडद्याच्या कडेला मी चिठ्ठी चिकटवली होती. आहे ना अजून?… काय लिहिलंय तिच्यावर?… वाच तर खरं… 'काहीही विचारलं तरी नंतर म्हणावे.' माझंच अक्षर आहे ना? मग?"

आता ताइस्तो बोलला, आणि बराच वेळ बोलला. त्याच्या मानाने ते भाषणच होतं. हिल्का खिडकीबाहेरच्या बर्चच्या झाडाकडे बघत ऐकत राहिली.

"थांब, थांब. म्हणजे चार हिवाळे तू दर रविवारी त्याला 'नंतर' म्हणत आलास… हो… आणि तुला ते खोटं बोलल्यासारखं वाटायला लागलं… यंत्राशी?… नाही, हसत नाहीये. खरंच नाही… बरं, थोडी हसले… चर्चमध्ये बसून, दर रविवारी, एकच खोटं. हो, तसं बघितलं तर आहे खरं… आणि मग शब्द पाळावा म्हणून बुधवारी 'हो' म्हणालास. आणि जुन्या आवृत्त्या?… 'आता लागत नाहीत' असं लिहून आलं. आणि लागत नसलेली वस्तू चर्चमध्ये ठेवायची नाही, हा तुझा नियम, म्हणून त्या पुसून टाकल्यास. समजलं."

"आता एक कर. बंद करून परत चालू कर. काळ्या पडद्यावर एक छोटी यादी येईल, पाचच सेकंद राहते. लगेच खालच्या बाणाची कळ दाब. दुसरी ओळ, 'आणखी पर्याय'. त्यात जा आणि मला सांग काय काय दिसतं… फोन ठेवू नकोस. ठेव कुठे तरी, पण चालू ठेव… ऑर्गनवर नको, खाली पडेल."

काचेतून लेम्पीने हात वर करून विचारलं, काय चाललंय. हिल्काने मान हलवून सांगितलं, काही नाही. मग मुद्दाम तिच्याकडे पाठ केली. ऐकू कमी यायला लागल्यापासून आई ओठ वाचायला शिकली होती, आणि काचेपलीकडचे तर अगदी पटापट वाचायची.

"हं, बोल… एकच नाव? खाली सरकवून बघ… तेच नाव आणि पुढे 'दुरुस्ती'. ते त्याचंच जुळं आहे, ते मोजायचं नाही. म्हणजे एकच… नाही, जुनी आवृत्ती राहिली असती तर तीच निवडली असती आणि दोन मिनिटांत मोकळे झालो असतो. थोटकं ठेवावी लागतात रे कधी कधी… हो, मेणबत्त्यांची फेक. मेणबत्त्यांचं काही म्हणणं नाही माझं… बरं, पुरे, डोकं धरून बसू नकोस. किती वाजले तुझ्याकडे?… साडेबारा. पाद्रीबाई थांबतील थोडं?… दोनला लग्न आहे. नाही, मग नाहीच थांबणार. असू दे. होईल."

"समजावून सांगू? तुला कळलेलं असलं की तू बरोबर टंकतोस. ऐक. यंत्र सुरू झालं की सगळ्यात आधी कोण उठतं, तर कर्नेल. तो उठतो आणि बाकीच्यांना उठवतो. कुठलं दार कुणाला उघडून द्यायचं, किल्ल्या कुणाला द्यायच्या, सगळं त्याच्याकडे… हो, अगदी तुझ्यासारखा. चर्चचा सेवेकरीच. आता बुधवारी काय झालं, तर जुना सेवेकरी निवृत्त झाला आणि नवा आला. नवा चांगला आहे, पण आपल्या कार्डाला तो ओळखत नाही. कॅमेरा आणि मायक्रोफोन ज्याला जोडलेत ते कार्ड, हो. ते दाराशी उभं आहे, आणि हा म्हणतो, मला सांगितलं नाही कुणी… बरोबर. तू पण कुणाला उघडत नाहीस. बिशप आले होते तेव्हा त्यांनाही थांबवलं होतंस, मला माहितेय."

"मग ओळख करून देणारा जो असतो ना, त्याला ड्रायव्हर म्हणायचं. बाकी सगळ्या सामानाचे ड्रायव्हर कर्नेलबरोबरच येतात. पण आपलं कार्ड आडवळणाचं. त्याचा ड्रायव्हर तिथल्या तिथे शिवून घ्यावा लागतो, त्या त्या कर्नेलच्या मापाचा. कापड तिथेच आहे, डिस्कवर, मी ठेवलंय. शिवणारंही आहे, आपोआप शिवतं ते. फक्त माप पाहिजे. नव्या कर्नेलची मापवही, तिला हेडर्स म्हणतात. ते वेगळं पॅकेज असतं… हो, कर्नेल एक पॅकेज आणि त्याची मापवही दुसरं. आपण मागितली नाही तर ती येत नाही."

श्वास आत ओढत म्हटलेला एक 'हो' ऐकू आला. तिथले लोक पटलं की असंच म्हणतात, बाहेर पडणारा शब्द आत घेतल्यासारखा. हिल्काला तेवढं पुरलं.

"चल. काळी खिडकी उघड, ज्यात आपण लिहितो ती… आता लिही. यू, एन, ए, एम, ई. जागा सोड. आडवी रेघ. आर. आणि मोठी कळ दाब. काय आलं?… सावकाश… सहा टिंब एक टिंब शून्य, रेघ, एकतीस… मग पुन्हा रेघ आणि एएमडी चौसष्ट. छान. हे नव्या सेवेकऱ्याचं पूर्ण नाव. कशावर तरी लिहून ठेव… स्तोत्रांचे आकडे लावतात त्या फलकावर नको रे, लोक ते गायला लागतील."

"आता मापवह्या कुठल्या आहेत ते बघू. डी, पी, के, जी. जागा. रेघ. एल. जागा. मग अवतरण चिन्ह, तारा, हेडर्स… एच, ई, ए, डी, ई, आर, एस… तारा, अवतरण चिन्ह. दाब… किती ओळी?… दोन. वाच… सहा टिंब एक टिंब शून्य रेघ चौदा. दोन्ही चौदाच्या?… आणि बिनआकड्याची? नुसतं नाव आणि शेवटी चौसष्ट, मधे आकडा नाही, अशी एखादी?… परत बघ… नाही."

हिल्काने कपाळ खिडकीच्या काचेला टेकवलं. आता फोनच्या त्या टोकाला वाट बघायची पाळी ताइस्तोची होती.

चार हिवाळ्यांपूर्वी ग्रंथालयाने काढून टाकलेलं ते यंत्र गाडीत घालून तीच चर्चमध्ये घेऊन गेली होती. एकोणतीस वर्षं तिने ग्रंथालयाचे संगणक सांभाळले होते, निवृत्तीचं ते पहिलंच वर्ष. सगळं बसवून झालं, आणि शेवटी मापवहीची वेळ आली. पॅकेजं दोन प्रकारची असतात. एकावर आकडा असतो, ते तेवढ्या एका कर्नेलपुरतं. दुसऱ्यावर आकडा नसतो. कर्नेल बदलला की ते आपणहून नवी मापवही मागवतं, कायमचं. तिने आकडा असलेलं बसवलं होतं. ते चाललं, चित्र आलं, आणि तळ्यावरच्या बोटीची तीन चाळीसची शेवटची फेरी सुटायला अकरा मिनिटं उरली होती. दुसरं नंतर बसवू, असं म्हणून तिने चिठ्ठी लिहिली आणि पडद्याच्या कडेला चिकटवली.

"आहे. इथेच आहे मी… ताइस्तो, तुला एक सांगायचंय… नाही, यंत्राचंच आहे. चूक तुझी नाहीये… ऐक ना. मघाशी मी थोटकांवरून बोलले ते विसर. मी तिथे एक काम अर्धं सोडून गेले होते. ते उघडं पडू नये म्हणून ती चिठ्ठी लिहिली. नव्या कर्नेलला 'हो' म्हटलं की कार्ड बंद पडणार, हे मला तेव्हाच माहीत होतं. आणि दुरुस्त करायला यायचंच होतं मला. पुढच्या आठवड्यात, मग ईस्टरनंतर, मग… तू चार हिवाळे जे खोटं बोलत होतास ना, ते माझं होतं. तुझ्या तोंडून मी वदवून घेत होते…"

"काय?… 'मग आता लिहूया का?' हो. लिहूया."

तिने खिडकीची काच उगाचच बोटाने पुसली.

"एस, यू, डी, ओ. जागा. ए, पी, टी. जागा. इन्स्टॉल. जागा. मग लिनक्स, रेघ, हेडर्स, रेघ, आणि पुढे तू कागदावर लिहिलंस ते पूर्ण नाव, जसंच्या तसं. दाब… परवलीचा शब्द विचारेल. टंकताना काही दिसणार नाही, तरी टंकत राहा… काय म्हणतंय?… 'असे पॅकेज सापडत नाही.' तू टंकलेलं मला एकेक अक्षर वाचून दाखव… एकतीस की तेरा?… तेरा. उलटं झालं. होतं असं… नाही, कॉफी आत्ता नको. परत लिही… आता?… ओळी यायला लागल्या. किती मोठं आहे?… तेवढं येईल चर्चच्या इंटरनेटच्या तारेवरून. नुसतं बघत राहा. काही विचारलं तर…"

ती अडखळली.

"…काही विचारलं तर वाच, आणि बरोबर वाटलं तर 'हो' म्हण."

बारा बेचाळीस. आतून एक परिचारिका वेलदोड्याच्या पावांचा ट्रे घेऊन गेली. लेम्पीने पाव घेतला नाही. बोटं तुपकट झाली असती, आणि मांडीवर रेशीम होतं.

"हं. उतरलं सगळं? आता काय लिहितंय?… 'ड्रायव्हर बांधत आहे.' तेच! माप मिळालं, शिवायला बसलं ते. जुनं यंत्र आहे, चार-पाच मिनिटं घेईल. तोवर मध्ये बोटं घालू नकोस… लोक आले का?… एस्को आला? माझा भाऊ कोट घालून आलाय का नेहमीचं जाकीट?… जाकीट. वाटलंच… सैला कशी दिसतेय?… 'उभी आहे.' ताइस्तो, तुला कुणाचं वर्णन विचारायचं म्हणजे… आणि बाळ?… झोपलंय. झगा लांब आहे ना अगदी? जमिनीपर्यंत. तो आईने शिवलाय. माझा बाप्तिस्मा त्याच्यातच झाला. तुला आठवणार नाही, तू तेव्हा दोन वर्षांचा… कुणाचा अंगठा?… मी तुझा अंगठा चावले? कधी?… त्याच दिवशी? काहीही!"

तिला हसू आलं, आणि लेम्पीला ते काचेतून दिसलं. लेम्पीही हसली, कशाला ते कळलं नसलं तरी.

"अजून बांधतंच आहे?… थांबलेलं नाहीये ना, ओळी हलताहेत ना?… मग चालू दे… काय म्हणालास?… हळू का बोलतोयस?… प्रमाणपत्र तू टेबलावर मांडलंस. बरं, मग?… म्हणजे तू त्यावरचं नाव वाचलंस. डोळ्यांसमोर होतं म्हणून… नको. ताइस्तो, नको. बोलू नकोस… मला कळतंय तू कशासाठी म्हणतोयस. यंत्र नाहीच चाललं तर मी निदान आईला ठीक एक वाजता… नाही. एक अक्षरसुद्धा नको… आई मला विचारेल, तुला आधी माहीत होतं का? माझ्या तोंडाकडे बघत विचारेल. आणि आजच्यापुरतं खोटं बोलून झालंय माझं… पहिलं अक्षरही नको!… हो. गप्प बस. ते तुला चांगलं जमतं."

बारा एकावन्न.

"झालं? शेवटची ओळ वाच… 'बसवले'. देवा, तुझे उपकार… नाही, तुला नाही म्हटलं… तुझेही. आता नव्या सेवेकऱ्याला सांगायचं, बाबा रे, हा बघ आला, याला आत घे. सुडो, जागा, एम, ओ, डी, पी, आर, ओ, बी, ई, जागा, आणि मग कार्डाचं नाव. कार्डाच्या पत्र्यावरच छापलंय, छोट्या अक्षरांत लिही. दाब… काही आलं नाही? काहीच नाही म्हणजे छान. तक्रार असली की लिहितं, नाही तर गप्पच असतं… हो, तुझ्या ओळखीतलंच वाटेल ते. आता चित्राची खिडकी उघड…"

"दिसतंय? वेदी दिसतेय? फुलंसुद्धा? थांब, मी इथे बघते."

व्हरांड्यातून काचेपलीकडचा टीव्ही दिसत होता. पडदा काळाच होता.

"इथे नाही अजून. थांब, घाई करू नकोस, इकडे यायला वेळ लागतो. तू कॅमेऱ्यासमोर जा आणि हात हलव… हलवतोयस? हलवत राहा… अजून नाही… अजून नाही… आला! दिसलास! पांढरा शर्ट घातलायस. हात काय असा वर, गाडी थांबवतोयस का?… आता थांब, हलवायचा थांब… तू थांबलास ना? इथे तू अजून हलवतोच आहेस… आता थांबलास. वीस सेकंद. तिकडचं इकडे पोचायला वीस सेकंद लागतात. असू दे, वीस सेकंदांनी काही बिघडत नाही."

काचेपलीकडे लेम्पीने पडद्यावरच्या ताइस्तोला उलट हात केला. मग कानाकडे बोट नेलं आणि मान हलवली.

"ताइस्तो, आवाज नाहीये. चित्र आहे, आवाज नाही… किती वाजले माहितेय मला. तुझ्याकडे आवाजाची पट्टी आहे बघ, चित्राच्या खाली, हिरवी हलते ती… हलत नाही. म्हणजे नव्या ड्रायव्हरने सगळं शून्यावर ठेवलंय. काळी खिडकी. ए, एल, एस, ए, एम, आय, एक्स, ई, आर. त्यात उभे खांब दिसतील… एफ सहा दाबून आपलं कार्ड निवड. मग एफ चार… आता जो खांब आहे त्याच्या खाली काय?… शून्य. वरचा बाण दाब, दाबत राहा. आणि तळाशी जागेची कळ दाबली की 'घे' असं येईल… आलं?… ताइस्तो?"

फोनमध्ये घंटा वाजली. एकच ठोका. मग ऑर्गनचा पहिला सूर, इतका जवळून की हिल्काने फोन कानापासून लांब धरला.

"सुरू झालं ना?… हो, कुजबुजच. मी ऐकतेय. ठेवू नकोस अजून, आवाज पोचला की नाही बघू दे मला. किती वर नेलास खांब?… सत्तर. पुरे. आता थांबू."

पडद्यावर पाद्रीबाई चालत येताना दिसल्या. लेम्पी जराशी पुढे वाकून बसली होती. हिल्का आईच्या चेहऱ्याकडे बघत मनात आकडे मोजायला लागली. अकराला काही नाही. सोळालाही नाही. एकोणीस म्हणताना लेम्पीच्या भुवया वर गेल्या, आणि तिचा उजवा हात गुडघ्यावर ताल धरायला लागला. सूर ओळखीचा होता.

"पोचला, ताइस्तो. ऐकतेय ती. ताल धरलाय तिने… हो… नाही, अजून ठेवू नकोस, मधेच गेला तर? पहिलं स्तोत्र होईपर्यंत थांब… हे बघ, तोवर एक ओळ लिहितोस? आकडा नसलेली मापवही. सोमवारी मी येतेच आहे, तेव्हा… नाही. सोमवारी नाही. आत्ताच लिही. सुडो एपीटी इन्स्टॉल, लिनक्स रेघ हेडर्स रेघ एएमडी चौसष्ट. मधे काही आकडा नाही. आवाज न करता टंक… झालं?… आता ती चिठ्ठी काढून टाक… फाड. नाही, थोटकांच्या डब्यात नको, सरळ फेकून दे."

कागद फाटल्याचा आवाज आला. त्याच्यामागून, लांबून पण स्पष्ट, पाद्रीबाईंचा आवाज यायला लागला. वृद्धाश्रमातल्या टीव्हीवर मात्र स्तोत्राचं शेवटचं कडवं अजून चालू होतं. तेवढ्यावरून हिल्काच्या ध्यानात आलं. वीस सेकंदांनी काही बिघडत नाही, असं मघाशी तीच म्हणाली होती. पण तिच्या हातातल्या फोनला वीस सेकंद लागत नव्हते.

"ताइस्तो… त्या कुठवर आल्या?… प्रार्थना. मग?… मग पात्रात पाणी ओततील. मग लगेच विचारतील ना, बाळाचं… म्हणजे मला इथे, फोनमधून… आईच्या आधी…"

"मी ठेवते. हो, मला माहितेय, आवाज गेला तर… गेला तर गेला. जाणार नाही. तू आहेस तिथे, आणि आता तुला सगळं माहितेय. कर्नेलला काय लागतं, मापवही कुठे असते… हो… पाणी ओतताहेत, ऐकू येतंय मला. ऐक, अंगठ्याबद्दल… नंतर… नाही, नंतर नाही. चावले असेन. माफ कर. ठेवते."

तिने फोन बंद केला, आणि तो पुरेसा बंद नसल्यासारखा स्तोत्रांच्या पुस्तकाखाली सारला. मग काचेचं दार ढकलून आत गेली आणि आईशेजारच्या खुर्चीत बसली. लेम्पीने पडद्यावरची नजर न काढता फीत आणि सुई सरळ केली, आणि मग क्षणभर लेकीच्या तोंडाकडे बघितलं.

"कळलं का तुला?"

"नाही, आई," हिल्का म्हणाली, ओठ सावकाश हलवत, वाचता येईल असे.

तळ्यापलीकडे नाव पडून गेलं होतं. इथे पाद्रीबाई पाण्याचा जग आत्ता कुठे उचलत होत्या.